जिप्सम बोर्ड आणि नागपूरचं ऊन

आज हिंगणा एमआयडीसीत फायबरवाल्या हलक्या जिप्सम बोर्डाचं काम. 100 किलो प्लास्टरला (म्हणजे भाजलेल्या जिप्समच्या भुकटीला) घट्ट होऊन परत जिप्सम व्हायला पाणी लागतं जेमतेम 19 किलो, पण मिश्रण वाहतं राहावं म्हणून 65-70 किलो घालावंच लागतं. उरलेलं ड्रायरमध्ये उडवायचं, वीज-इंधनाचा खर्च तिथंच. हलकेपणा येतो फेसानं. तो वेगळा तयार करून शेवटी मिसळायचा. मिक्सर जास्त फिरला की बुडबुडे फुटतात, बोर्ड जड. 12 मिलिमीटरचे काचतंतूही उशिराच, नाहीतर गोळे होतात. त्यात मे महिन्यात टाकीचं पाणी चटके देणारं, फेस टिकेल कसा? टाकीवर सावली हवीच. आणि सुकवताना घाई नको बाप्पा! ओल असेपर्यंत गाभा फार तापत नाही. ती संपल्यावरही आच तशीच ठेवली, तर जिप्समचं परत प्लास्टर होतं. कडा नखानं खरवडून पाहा, भुकटी सुटली तर बोर्ड जळलाच समजा.