अक्षरं बघायला गेले होते

आप्पांनी कोल्हापुरात पस्तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले, सिनेमाचे बॅनरही रंगवले. आता गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. म्हणून त्यांचं काम घेऊन मीच पुण्याला गेले, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात. त्यांना जुन्या मराठी सिनेमांची नावं कशी लिहायचे ते बघायचं होतं. सिनेमा नव्हे, नाव.

हे संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. पी. के. नायर यांनी इथे आयुष्य घातलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज जो भाग बघायला मिळतो, तो नायरांनी जपला म्हणून. पण फिल्मच्या डब्यांबरोबर इथे कागदही जपलाय: पटकथा, पोस्टरं, फोटो, मासिकं आणि थिएटरात विकायचे त्या गाण्यांच्या पुस्तिका. मला याचं फार अप्रूप वाटतं. जुना सिनेमा निदान मोबाइलवर कुठेतरी सापडतो. पुस्तिका मात्र लोकांनी घडी करून खिशात घातली, गाणी पाठ झाली की रद्दीत टाकली.

इथलं काही घरी नेता येत नाही, तिथेच बसून बघायचं. चाळीसच्या दशकातली एक पुस्तिका समोर आली. "ताई, पान खालच्या कोपऱ्याला धरून उलटा," टेबलापलीकडच्या बाईंनी सांगितलं. स्टेपलची पिन गंजून कागदावर तपकिरी डाग पडला होता. आत कथासार, मग गाणी. तिसऱ्या गाण्यापुढे कुणीतरी पेन्सिलीने बारीक खूण केलेली. ते गाणं कुणाचं तरी आवडतं होतं, ऐंशी वर्षांपूर्वी.

मी मुखपृष्ठावरच रेंगाळले. नाव हाताने काढलेलं. 'क'चं पोट एका बाजूला जड, आणि शिरोरेषा सलग नाही, प्रत्येक अक्षरावर किंचित वर चढलेली. आप्पा अक्षरं आधी पूर्ण करायचे, मग हाताखाली काठी टेकवून शिरोरेषा एका दमात ओढायचे. इथे तसं नव्हतं. मी वहीत पेन्सिलीने ते नाव पाच वेळा काढलं, पाचव्यांदा जरा जमलं.

कोल्हापूरचे चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल घेतलं जातं. १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर त्यांनी स्वतः रंगवलं होतं. त्यांच्याच तालमीतले फत्तेलाल पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. 'प्रभात' १९३३ साली कोल्हापुरातून पुण्यात आली, आणि तिचा स्टुडिओ, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, इथून चालत जाण्याइतका जवळ. पुस्तिकेत दिग्दर्शक, संगीतकार, छायालेखक सगळ्यांची नावं होती. मुखपृष्ठावरची अक्षरं कुणाची, ते मी दोनदा शोधलं. नाही सापडलं.

संध्याकाळी स्वारगेटवरून आप्पांना वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"चपट्या ब्रशचं काम आहे," ते म्हणाले. "शिरोरेषा त्याने आधी मारली, अक्षरं मग खाली टांगलीत. म्हणून ती वर चढलीय. डावखुरा असणार गडी."