मोरीतला शुक्र

आमच्या जुन्या इमारतीत मोरीपासून दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे शहाबादी फरशी आहे. मोरीतली फरशी साफ करायचा घरोघरचा प्रघात ठरलेला: बाजारातलं ॲसिड ओतायचं, नाकाला रुमाल लावायचा आणि फेस यायची वाट पाहायची. फसफस आवाज होतो, पांढरा फेस उठतो, आणि मळ निघाल्याचं समाधान मिळतं. खरं तर मळाबरोबर थोडी फरशीही विरघळत असते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड पडलं की आतला कार्बन डायऑक्साइड सुटा होतो, फेसातले बुडबुडे त्याचेच. कडप्पा काळा असला तरी जातीने चुनखडीच. ‘ओट्यावर लिंबू चिरू नकोस, डाग पडतो’ असं आई येता-जाता बजावते, त्यामागचं रसायनशास्त्र हेच.

पृथ्वीची तिच्या शेजाऱ्यांशी तुलना करायची असेल, तर माझ्या मते दुर्बीण राहू द्यावी आणि आधी या फेसाकडे बघावं.

शाळेच्या पुस्तकात ग्रहांचा एक तक्ता असतो. त्यात व्यास, वस्तुमान, सूर्यापासूनचं अंतर वगैरे रकाने असतात. तो तक्ता वाचला तर शुक्र अगदी आपल्यातला वाटतो. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर, शुक्राचा १२,१०४. वस्तुमान आपल्या सुमारे ८२ टक्के. इथे ६० किलो भरणारा माणूस तिथे काट्यावर ५४ किलो भरेल. वजन उतरवायचा इतका आळशी मार्ग दुसरा नसेल, पण तिथे जाऊन काट्यावर उभं कोण राहणार? जमिनीवर तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, म्हणजे शिसं सहज वितळावं. हवेचा दाब आपल्या ९० पटींहून अधिक, जणू समुद्रात ९०० मीटर खोल उभे आहोत. वर ढग आहेत ते गंधकाम्लाचे. सूर्य पश्चिमेला उगवतो, आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले सुमारे ११७ दिवस जातात.

शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापला, हे उत्तर सुचतं खरं. पण ते अपुरं आहे. त्या दाट ढगांमुळे त्याच्यावर पडणारं जवळजवळ तीन चतुर्थांश ऊन परत फिरतं. हिशोब केला तर आजचा शुक्र पृथ्वीपेक्षा कमीच ऊन पोटात घेतो. तरीही तो भट्टी आहे, कारण जी उष्णता आत येते ती बाहेर पडत नाही. त्याच्या हवेत ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. आपल्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के.

मग आपला कुठे गेला? दोन्ही ग्रह एकाच मालमसाल्यातून, सूर्याभोवतीच्या त्याच धुळीतून झाले. दोन्हींवर ज्वालामुखींनी पोटातला वायू बाहेर ओकला. आपल्या वाट्याचा कार्बन डायऑक्साइड हरवलेला नाही, तो पायाखाली आहे. पृथ्वीवरच्या साऱ्या चुनखडीत कोंडलेला वायू मोकळा केला, तर तो साधारण शुक्राच्या हवेत आहे तेवढाच भरेल असा अंदाज आहे. शहाबादी, कडप्पा, कोटा, पोरबंदरी: आपण ज्यावर चाललो, पोळ्या लाटल्या, अभ्यास केला, तो सगळा दगडात बंदिस्त झालेला शुक्र आहे.

ही कोंडण्याची युक्ती पाण्याची. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड आपल्यात विरघळवून घेतो आणि किंचित आंबट होतो. तो कातळावर पडतो, कातळ हळूहळू झिजतो, त्यातलं कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात जातं, आणि तिथे त्या वायूशी जोडी जमून चुना तळाशी बसतो. पुढे शंख-शिंपल्यांनी आणि प्रवाळांनी हे काम अंगावर घेतलं. या कामाला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, फार चांगला, कारण तो लवकर झिजतो. त्यातून हवा उष्ण आणि पाऊस भरपूर असला तर विचारायलाच नको. म्हणजे जुलैत सह्याद्रीवर जे चालतं ते. धबधब्याखाली भिजणाऱ्या मंडळींना कल्पना नसते, पण तो काळा कातळ आणि तो पाऊस मिळून हवेतला कार्बन डायऑक्साइड अरबी समुद्राकडे आणि बंगालच्या उपसागराकडे रवाना करत असतात. वेग मात्र सरकारी. लाखो वर्षांचा हिशोब असतो. आपण शंभर-दीडशे वर्षांत धुराड्यांतून जे सोडलं, ते आवरायला ही यंत्रणा आपल्या हयातीत उपयोगाची नाही.

शुक्रावर ही युक्ती चालली नाही, कारण पाणी टिकलं नाही. ते वाफ होऊन वर गेलं, सूर्याच्या अतिनील किरणांनी तिचे तुकडे केले आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. १९७८ साली पोहोचलेल्या पायोनियर व्हीनस यानाने याचा माग काढला. साधा हायड्रोजन निघून गेला, त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम मागे राहिला. त्याचं प्रमाण तिथे पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आढळलं. पाणी संपलं, दगड झिजायचा थांबला, आणि ज्वालामुखींनी ओकलेला वायू हवेतच साठत गेला.

त्या जमिनीचे फोटो आपल्याकडे आहेत. १ मार्च १९८२ रोजी सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ तिथे उतरलं. ते ३२ मिनिटं टिकावं अशी अपेक्षा होती, ते १२७ मिनिटं टिकलं. रशियन यंत्रांबद्दल काही लोक नाकं मुरडतात, त्यांना मी हा आकडा ऐकवतो. फोटोत नारिंगी उजेडात चपट्या, थराथरांच्या लाद्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या दिसतात. यानाने दगड कोरून तपासला, तर तो बेसॉल्टच्या जातीचा निघाला. म्हणजे लोणावळ्याच्या घाटात आहे त्याच घराण्यातला. काळा कातळ दोन्हीकडे आहे, त्याच्यापासून झालेली फरशी फक्त आपल्याकडे.

मंगळाचं प्रकरण उलटं. तिथेही बेसॉल्ट मुबलक. वजनकाटा शुक्राच्या बाजूने साक्ष देतो, तर घड्याळ मंगळाच्या. त्याचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. अक्ष २५ अंशांनी कललेला, आपला साडेतेवीस. त्यामुळे तिथेही ऋतू आहेत, फक्त वर्ष ६८७ दिवसांचं असल्याने ते लांबतात. रोज ती जास्तीची ३९ मिनिटं मिळाली तर मी ती झोपेत घालवीन, यात शंका नाही. पण मंगळ अंगाने लहान, वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. लहान गोळा लवकर निवतो. पोट निवलं तसे ज्वालामुखी थंडावले, चुंबकीय क्षेत्राचं कवच गेलं, आणि सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून सुटणाऱ्या कणांच्या झोताने, हवा खरवडून नेली. उरलेल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. तीही मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचीच, हे विशेष. तोच वायू एकाकडे इतका की दगड भाजावेत, दुसऱ्याकडे इतका विरळ की पांघरूण म्हणून कामाचा नाही. आपल्या मंगळयानाने २४ सप्टेंबर २०१४ पासून त्या विरळ हवेभोवती घिरट्या घातल्या, तेव्हा आपल्याकडे कौतुक मोहिमेच्या खर्चाचं जास्त झालं आणि त्या हवेचं कमी. मला ते थोडं लागलं होतं.

मंगळावर एक लोणारही आहे. तिथल्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं द्यायचा रिवाज आहे, आणि बुलढाण्याच्या लोणारला तो मान मिळाला. निवड चोख आहे. आपलं लोणारचं विवर उल्कापाताने थेट बेसॉल्टमध्ये झालेलं, त्यामुळे मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना ते घरबसल्या सापडलेलं उदाहरण वाटतं.

बुधाबद्दल मला फारसं ममत्व नाही. त्याला हवाच जवळजवळ नाही, मग बोलणार कशावर? तरी दोन गमती सांगतो. सरासरी काढली तर पृथ्वीला सर्वाधिक काळ जवळ असणारा ग्रह शुक्रही नाही आणि मंगळही नाही, तो बुध आहे; बाकीचे दोघे बराच काळ सूर्याच्या पलीकडे, लांब जाऊन बसतात. आणि बुध मंगळापेक्षा बराच लहान असूनही दोघांवर आपलं वजन जवळपास सारखंच भरेल, कारण बुधाचं पोट लोखंडाने गच्च भरलेलं आहे. विवरांना नावं कलावंतांची: व्यास, वाल्मीकी, कालिदास तिथे मुक्कामाला आहेत.

शुक्रावरची नावं बायकांची. त्यात आनंदीबाई जोशी आहेत. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविशी गाठण्याआधी गेलेल्या आनंदीबाईंच्या नावाचं सुमारे ३४ किलोमीटर रुंदीचं विवर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांच्याही नावाचं एक आहे. झिराड म्हणजे अलिबागजवळचं गाव. आनंदीबाईंना याहून थंड जागा द्यायला हवी होती असं मला वाटतं, पण नावं देणाऱ्यांचा नियम पडला.

आता सगळे पुन्हा शुक्राकडे निघालेत. इस्रोच्या शुक्र मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलं आहे. नासाचं डाव्हिन्ची यान अल्फा रेजिओ नावाच्या सुरकुतलेल्या पठारावर एक कुपी सोडणार आहे. तासाभराच्या उतरणीत ती हवा हुंगेल आणि खालच्या दगडाचे फोटो काढेल. ते पठार ग्रॅनाइटच्या जातीचं निघालं तर मोठीच बातमी, कारण ग्रॅनाइटचे एवढे डोंगर घडायला पाणी लागतं असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे शुक्रावर एके काळी समुद्र होता, असा त्याचा अर्थ निघू शकेल. माझा कौल समुद्राच्या बाजूने आहे. नुसता बेसॉल्टच बघायचा, तर इतक्या लांब कशाला जायचं, सिंहगड चढलं तरी पुरे.