सड्यावरचे चौकोन: माझा अनुभव

भारतातल्या जंगलांचं वर्गीकरण म्हटलं की चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८ चं काम आधी हाताशी येतं. सदाहरित रानापासून हिमालयातल्या खुरट्या झुडपांपर्यंत सगळं १६ गटांत. महाबळेश्वरचं अंजन-जांभळाचं रानही त्यात सापडतं. माझ्या वाट्याला मात्र साताऱ्याकडचे जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, आले होते, आणि सड्यावर झाडंच नाहीत. जूनमध्ये उघडा कातळ, ऑगस्टमध्ये फुलंच फुलं, डिसेंबरात वाळलेलं गवत. तिथल्या वनस्पतींचे गट मलाच पाडायचे होते.

पद्धत वनस्पतिशास्त्रज्ञ ब्राउन-ब्लांके यांची घेतली. एक मीटरचा चौकोन आखायचा, त्यातल्या प्रत्येक जातीने किती जागा व्यापली ते बघून अंक द्यायचा: ७५ टक्क्यांच्या वर ५, पाच टक्क्यांहून कमी असेल तर १. पहिल्या पावसाळ्यात १२० चौकोन केले. गेंद नावाच्या छोट्या वनस्पतीने फार दमवलं. सगळ्या जाती लांबून पांढऱ्या बटणासारख्या, ओळखायला फुलोरा सोडवून बी सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं.

आकडे ट्विन्स्पॅन या गट पाडणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये घातले आणि चार गट इतके स्वच्छ पडले की मी त्याच रात्री नकाशा रंगवायला घेतला. सकाळी सरांनी तक्ता बघितला, तारखांच्या रकान्यावर बोट ठेवलं. पहिल्या गटातले जवळजवळ सगळे चौकोन ऑगस्टचे, दुसऱ्यातले सप्टेंबरचे. सड्यावरच्या बहुतेक वनस्पती एका पावसाळ्यापुरत्या, एक ओसरते तोवर दुसरी फुलते. मी वनस्पतींचे नव्हे, माझ्या फेऱ्यांचे गट पाडले होते. अख्खा हंगाम गेला होता. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी ४० चौकोन कायमचे ठरवले आणि जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला त्याच जागी गेले. सोबत एक सळई, मातीची खोली मोजायला. एका सकाळी गुडघ्यांवर बसून मोजताना सगळं डोळ्यांसमोर उलगडलं. दगडफुलाने माखलेला कातळ. त्याला लागून दोन सेंटीमीटर माती, तिच्यावरून झिरपणारं पाणी आणि त्यात सीतेची आसवं. निकस मातीत ही जांभळ्या फुलांची वनस्पती बारीक जीव पकडून जगते. वीतभर पुढे गेंद, आणि सळई बोटभर आत गेली तिथून गवत, सोनकी, तेरडा. हातभर अंतरात चार वस्त्या! या वेळचे गट मातीच्या खोलीप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे पडले.

कातळातल्या डबक्यांचे तीनच चौकोन होते, त्यांत वायतुरा. तीन चौकोनांवर वेगळा गट करू नये, असं सरांचं मत. वायतुरा फक्त उत्तर सह्याद्रीत, मोजक्याच ठिकाणी उगवतो. त्याला 'इतर'मध्ये ढकलणं मला पटेना. तिसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या सड्यांवर फक्त डबकी शोधत फिरले. आणखी आठ सापडली, सोबतीच्या वनस्पती जवळजवळ त्याच. आता तक्त्यात पाचवा रकाना आहे.