कोणी आणि कोणावर : गती व बलाची उदाहरणे शिकताना

सातपूरच्या शासकीय आयटीआयमधून वीजतंत्रीचे प्रशिक्षण पूर्ण करून अंबडच्या एका कारखान्यात दोन वर्षे कंत्राटी काम केल्यानंतर मी रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. त्या परीक्षेतील सामान्य विज्ञान दहावीच्या पातळीचे असते, हे कळल्यावर मी निर्धास्त झालो होतो. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा होता आणि न्यूटनचे तिन्ही नियम मला व्याख्येसकट पाठ होते. प्रत्यक्षात पहिल्या सराव प्रश्नपत्रिकेत गती आणि बलावरचे माझे बहुतेक प्रश्न चुकले. वाईट याचे वाटले की त्या सगळ्या प्रश्नांची सूत्रे मला येत होती.

मी काही आठवडे एका क्लासला गेलो. तेथे ‘काळ दिलेला नसेल तर गतीचे तिसरे समीकरण, अंतिम वेग दिलेला नसेल तर दुसरे’ अशा युक्त्या शिकवत. त्या चुकीच्या नव्हत्या, परंतु त्यांच्यामुळे उदाहरण वाचण्याआधीच हात सूत्राकडे जाऊ लागला. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर ६२५ मीटर अंतरात थांबते, तर मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, किती, असा एक प्रश्न होता. मी ९० चा वर्ग करून त्याला ६२५ च्या दुपटीने भागले आणि ६.४८ असे उत्तर काढले. पर्यायांत ते छापलेलेही होते, त्यामुळे शंका आली नाही. प्रश्न तयार करणाऱ्याला आपली चूक आपल्याआधी माहीत असते, हे मला त्या दिवशी कळले. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आणि तसे केल्यास मंदन अवघे ०.५ मी/से² येते व गाडी थांबायला ५० सेकंद लागतात.

एककांच्या चुकीपेक्षा मला जास्त बोचले ते हे की ६.४८ हे उत्तर अशक्य आहे, असे मला वाटलेच नाही. हे मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या, म्हणजे ९.८ मी/से² च्या, जवळजवळ दोन तृतीयांश आहे. एवढ्या जोराने गाडी थांबली तर नाशिक रोडला उतरण्यासाठी दारात उभी असलेली माणसे एकमेकांवर कोसळतील. प्रत्यक्षात फलाटावर शिरणारी गाडी किती सावकाश थांबते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, मात्र ते पाहणे आणि वहीतला आकडा यांची मी कधी गाठ घालून दिली नव्हती. तेव्हापासून उत्तर आले की मी त्याची तुलना ९.८ शी करू लागलो. या एका सवयीने माझ्या निम्म्या चुका मला स्वतःलाच सापडू लागल्या.

चिन्हांचा घोळ मात्र लवकर मिटला. वर फेकलेल्या दगडाच्या उदाहरणात वरची दिशा धन मानली तर गुरुत्वीय त्वरण जातानाही ऋण आणि येतानाही ऋण, एवढे ठरवून टाकले की पुरे. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतो, त्वरण नव्हे. ते तेथेही शून्य झाले असते तर दगड वरच लटकून राहिला असता.

खरी अडचण बलांची होती. आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षांच्या हंगामात क्रेट भरलेल्या टेंपोत मागे उभे राहून मी अनेकदा प्रवास केला आहे. टेंपो झटक्यात निघाला की क्रेट मागे सरकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून क्रेटची आकृती काढताना मी त्यावर मागच्या दिशेने एक बल बिनदिक्कत दाखवीत असे आणि टेंपोच्या जोराचे दुसरे बल पुढच्या दिशेने दाखवीत असे. मी बसत असे त्या अभ्यासिकेत भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली एक ताई दुसऱ्या परीक्षेची तयारी करत होती. तिने माझी आकृती पाहिली आणि मागच्या दिशेच्या बाणावर पेन्सिल टेकवून विचारले, “हे बल क्रेटवर लावतंय कोण?”

मी ‘झटका’ असे उत्तर दिले. ती म्हणाली, “झटका काही लावत नाही रे. वस्तूचं नाव सांग.”

मला नाव सांगता येईना. क्रेटला स्पर्श करणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे टेंपोचा तळ. दुरून ओढणारी पृथ्वी ही दुसरी. मागे ढकलणारे तिसरे कोणीच नव्हते. क्रेट मागे जात नव्हताच, तो होता तेथे राहू पाहत होता आणि तळ त्याच्याखालून पुढे निघत होता. मी टेंपोत उभा असल्यामुळे मला ते मागे सरकणे वाटे, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्रेट जेमतेम जागचा हललेला दिसला असता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बल पूर्ण वाक्यात लिहू लागलो : पृथ्वीने क्रेटवर लावलेले बल, टेंपोच्या तळाने क्रेटवर लावलेले बल. तृतीया विभक्तीतला कर्ता जागेवर आला नाही, की तो बाण खोडायचा. ‘गतीचे बल’, ‘जडत्वाचे बल’ असे माझ्या आकृत्यांतले कितीतरी बाण या व्याकरणाने नाहीसे झाले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ॲरिस्टॉटलप्रमाणे मीही मनातून असेच मानत होतो की वस्तू चालत असेल तर तिला कोणीतरी ढकलत असलेच पाहिजे. हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते, हा अनुभव त्याला पाठिंबा देतो. ती थांबते ती चाकांच्या आणि रस्त्याच्या घर्षणाने, हे नजरेआड राहते. न्यूटनचा १६८७ सालचा पहिला नियम पाठ असूनही माझी आकृती जुन्याच समजुतीने काढली जात होती.

त्याच क्रेटने मला आणखी एकदा फसवले. २० किलोचा क्रेट, तळाशी घर्षण गुणांक ०.४, टेंपोचे त्वरण २ मी/से², क्रेट घसरत नाही, तर घर्षण बल किती? मी ०.४ ला २० आणि ९.८ ने गुणून ७८.४ न्यूटन लिहिले. बरोबर उत्तर ४० न्यूटन आहे. स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू घसरत नसतानाचे घर्षण, हा उसनवारीचा हिशेब आहे, मर्यादा ७८.४ ची असली तरी गरज असेल तेवढेच उचलले जाते. २० किलोला २ मी/से² त्वरण द्यायला ४० न्यूटन पुरतात, म्हणून तळ तेवढेच देतो. त्वरण ३.९२ च्या पुढे गेले की मर्यादा संपते आणि क्रेट घसरू लागतो. या आकड्यात क्रेटचे वस्तुमान येतच नाही, त्यामुळे भरलेला क्रेट आणि रिकामा क्रेट एकाच वेळी घसरायला लागतील. हे मला आजही थोडे विचित्र वाटते. शिवाय हे घर्षण पुढच्या दिशेने आहे, कारण क्रेटला पुढे नेणारे तेच एकमेव बल आहे. ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे शाळेतले वाक्य मी वहीत खोडले आणि ‘घर्षण पृष्ठभागांच्या एकमेकांवरील सरकण्याला विरोध करते’ असे लिहिले.

तिसऱ्या नियमाची गैरसमजूतही विभक्तीनेच सुटली. क्रेटचे वजन आणि तळाची वर ढकलणारी प्रतिक्रिया ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असे मला वाटे. पण ‘पृथ्वीने क्रेटवर’ याचा जोडीदार ‘क्रेटने पृथ्वीवर’ हाच असू शकतो. वजन आणि तळाची प्रतिक्रिया ही दोन्ही बले एकाच क्रेटवर आहेत आणि ती नेहमी समान असतीलच असे नाही. ६० किलोचा माणूस १.२ मी/से² त्वरणाने वर निघालेल्या लिफ्टमध्ये उभा असेल तर त्याचे वजन ५८८ न्यूटनच राहते, पण लिफ्टचा तळ त्याला ६६० न्यूटनने वर ढकलतो.

एकमेकांना जोडलेल्या वस्तूंची उदाहरणे मला सर्वांत उशिरा जमली, आणि ती समजली कसारा घाटामुळे. परीक्षेसाठी ठाण्याला जाऊन मी संध्याकाळच्या गाडीने परतत होतो. कसाऱ्याला गाडीच्या मागे तिला चढावर ढकलणारी बँकर इंजिने जोडतात आणि इगतपुरीला ती सुटतात. येथे लोहमार्गाचा चढ ३७ ला १ आहे. मी प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आकडे मांडले. इंजिनांसह गाडी एक हजार टनांची धरली तर तिचे वजन ९८ लाख न्यूटन, आणि त्याचा उताराच्या दिशेचा भाग सदतिसावा, म्हणजे सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. सपाट मार्गावर एवढ्या गाडीला ०.१ मी/से² त्वरण द्यायला १ लाख न्यूटन पुरतात. येथे नुसते घसरू न देण्यासाठीच त्याच्या अडीचपटीहून अधिक बल हवे.

मग मी गाडीचे मनातल्या मनात मधोमध दोन तुकडे केले आणि मागच्या अर्ध्या भागाची एकट्याची आकृती काढली. तो भाग वर न्यायला निम्मे बल लागते. तेवढे बँकर मागून देत असेल आणि तेवढेच पुढचे इंजिन देत असेल, तर मधल्या जोडणीवर ताण शून्य येतो. सगळे बल पुढूनच लावले असते तर तेथे निम्म्या गाडीचा भार आला असता आणि पहिल्या डब्याच्या जोडणीवर त्याहून कितीतरी जास्त.

बाहेर पाऊस सुरू होता. इंजिनातील मोटारी चाके फिरवतात, हे वीजतंत्री म्हणून मला ठाऊक होते. पण गाडीला पुढे ढकलणारे बल कोणी कोणावर लावलेले असते, हे लिहायला घेतले तेव्हा उत्तर आले : रुळांनी चाकांवर, आणि तेही घर्षणाचे. म्हणजे टेंपोतल्या क्रेटचीच गोष्ट. इंजिन १२० टनांचे आणि गुणांक ०.३ धरला तर रूळ त्याला जास्तीत जास्त ३ लाख ५३ हजार न्यूटन देऊ शकतात. चढासाठी ते पुरते. पण ओल्या रुळांवर गुणांक ०.२ पर्यंत उतरला असे धरले, तर मर्यादा २ लाख ३५ हजारांवर येते, आणि मोटार कितीही ताकदीची असली तरी एकट्या इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतील. अशा वेळी चाकांपुढे रुळांवर वाळू सोडतात, हे मी आधी वाचले होते, पण ती नेमक्या कोणत्या आकड्यासाठी सोडतात, ते इगतपुरी येईपर्यंत माझ्या कागदावर उतरले होते.