फिशर एम्सच्या गावी जाताना स्थानकाच्या नावाला भुलू नका

जुन्या काळातला अमेरिकी वक्ता आणि राजकारणी फिशर एम्स याच्या डेडहॅम गावी बॉस्टनहून लोकलने निघालात, तर 'डेडहॅम कॉर्पोरेट सेंटर' या स्थानकावर उतरू नका. नावात डेडहॅम आहे म्हणून मी उतरलो आणि फसलो. ते स्थानक महामार्गालगतच्या कचेऱ्यांच्या वस्तीत आहे. तिथून जुन्या गावापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची चाल भरधाव गाड्यांच्या कडेकडेने, धूळ खात करावी लागते. परतताना टॅक्सीवाल्याने तेवढ्याच अंतराचे तीस डॉलर घेतले, तेव्हा भांडण्याचेही त्राण उरले नव्हते. आधीचे एंडिकॉट स्थानक गावाला जवळ पडते. बॉस्टनमधल्या फॉरेस्ट हिल्सहून '34ई' ही बस तर थेट डेडहॅम स्क्वेअरला जाते. चौकशी न करता निघालो, हा दोष माझाच.

ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो फिशर एम्स 1758 साली याच गावात जन्मला, बाराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला, वकील झाला आणि 1788 च्या निवडणुकीत सॅम्युएल अॅडम्ससारख्या मातब्बराला हरवून पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोहोचला. 4 जुलै 1808 रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या फेडरलिस्ट पक्षाच्या मंडळींनी बॉस्टनमध्ये त्याची थाटाची अंत्ययात्रा काढली. विरुद्ध पक्षाचा असलेला थोरला भाऊ नॅथॅनियल तिकडे फिरकलाही नाही. व्हिलेज अॅव्हेन्यूवरच्या जुन्या दफनभूमीत उभे राहिल्यावर मला वक्त्यापेक्षा या भावांचीच आठवण अधिक झाली. जवळच्या चर्चपुढील हिरवळीवर स्वातंत्र्यस्तंभाचा दगडी पाया आहे. तो स्तंभ उभारण्यात याच नॅथॅनियलचा पुढाकार होता. दोन्ही मिळून तासाभराचे काम आहे.

न्यूयॉर्कमधला दिवस बरा गेला, पण वॉल स्ट्रीटवरचा फेडरल हॉल एम्ससाठी पाहू नका. काँग्रेसच्या बैठकांसाठी तो जिथे बसत असे ती इमारत 1812 मध्ये पाडली गेली. आजची वास्तू 1842 ची आहे.

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर तो फिलाडेल्फियाच्या काँग्रेस हॉलला, म्हणजे काँग्रेस नंतर जिथे भरत असे त्या इमारतीला, द्या. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र सुरक्षा तपासणीसाठी वेळ राखावा आणि ऋतूनुसार बदलणाऱ्या वेळा आधी पाहाव्यात. तळमजल्यावरच्या प्रतिनिधिगृहात, 28 एप्रिल 1796 रोजी, आजाराने खंगलेल्या एम्सने ब्रिटनशी झालेल्या 'जे करारा'च्या (Jay Treaty) बाजूने भाषण केले. ऐकणाऱ्यांत उपाध्यक्ष जॉन अॅडम्सही होते. दोन दिवसांनी त्या कराराच्या अंमलबजावणीचा ठराव 51 विरुद्ध 48 मतांनी तरला. त्याच कराराच्या तेराव्या कलमाने अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातील ब्रिटिश बंदरांत व्यापाराची मुभा दिली होती, हे मला तिथे बाकांकडे पाहताना आठवले आणि सुजलेल्या पायांचा थोडा वेळ विसर पडला.