ओढवाट

दसीझ हे फ्रान्समधलं लॉआर नदीकाठचं लहानसं गाव. तिथे नदीला लागून निव्हेर्ने कालवा सुरू होतो आणि त्याच्या पहिल्याच लॉकचा आकडा असतो 35. पुढचा 34, मग 33. आकडे उतरत जातात आणि काठाच्या वाटेने आपण सायकलवर चढत जातो. 1 दिसला की माथा आला. पलीकडच्या उतारावर मोजणी पुन्हा 1 पासून सुरू होते आणि 174 किलोमीटरच्या शेवटी, ओसेर शहरात, 81 वर थांबते. अलीकडचं पाणी आरों नदीच्या खोऱ्यातून लॉआरला आणि अटलांटिकला जातं, पलीकडचं यॉन नदीतून सेनला आणि पॅरिसला. मधला माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 260 मीटर.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला बांधीव हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट दोनेक मीटर वर किंवा खाली. दोन लॉकच्या मधला कालवा पाण्याच्या पातळीत, म्हणजे अगदी सपाट. त्याच्या काठाने घोडे आणि माणसं दोर खांद्यावर घेऊन बोटी ओढत. त्या वाटेला फ्रेंचमध्ये ‘शमँ द आलाज’ म्हणतात, शब्दशः ओढण्याची वाट. मोटेच्या विहिरीला बैलांसाठी जशी धाव असते तशीच ही, फक्त मैलोन् मैल लांब आणि उताराऐवजी सपाट. कालव्यांच्या जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोराने पडलेल्या खाचा कुठे कुठे अजून दिसतात, मोटेच्या नाड्याने दगडावर पडाव्यात तशा.

ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे खडीच्या वाटांसाठी केलेल्या रुंद टायरच्या सायकलसाठी, याहून चांगली वाट मुद्दाम आखूनही जमली नसती. दसीझपासून माथ्यापर्यंत पासष्टेक किलोमीटरमध्ये चढ सत्तर-पंचाहत्तर मीटरचा, म्हणजे किलोमीटरला एक मीटरच्या आसपास, आणि तोही सलग नाही. तो सगळा लॉकपाशी साठलेला असतो. दोन किलोमीटर सपाट, मग लॉकच्या शेजारी पाच-सात मीटर लांबीचा एक आखूड, तिरकस उंचवटा, पुन्हा सपाट. जिना चढावा तसा हा प्रवास.

पडणारे बहुतेक जण या उंचवट्यांवरच पडतात. त्यावरची खडी घोड्यांच्या काळातली नसली तरी दाबलेली क्वचितच असते. पावसाने तिचा बारीक भाग वाहून जातो आणि वर सुटे गोटे राहतात. चढताना गिअर आधीच हलका करावा. उंचवट्यावर बदलायला गेलं की चेनवर ताण येतो, मागचं चाक घसरतं. उतरताना पुढचा ब्रेक अर्धाच दाबावा, वजन मागे न्यावं, आणि हँडल मुळीच वळवू नये. उतरल्या उतरल्या समोर कालव्याचं पाणी असतं, कठडा नसतो.

टायर 40 मिलीमीटरचा पुरे. यापेक्षा रुंद घेणाऱ्यांना मऊपणा मिळतो, पण डांबरी तुकड्यांवर ते कंटाळतात, आणि डांबरी तुकडे इथे बरेच आहेत. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर असेल आणि स्वार पंचाहत्तर किलोचा असेल, तर हवेचा दाब पुढे 28 ते 30 आणि मागे 32 ते 34 पीएसआय. मागे आठ-दहा किलोच्या पिशव्या असतील तर मागच्या चाकात तीन-चार पीएसआय वाढवावेत, पुढच्यात नाही. रस्त्यावरच्या सायकलची सवय असलेले लोक पन्नास भरतात आणि संध्याकाळी मनगटं चोळत बसतात. प्रत्येक चाकात 60 ते 80 मिलीलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, आणि निघण्यापूर्वी ते वाळलेलं नाही ना, हे बघून घ्यायचं. उन्हाळ्यात तीन महिन्यांत त्याचं रबरी कातडं होऊन जातं.

सीलंटची खरी परीक्षा दगडावर नाही, काट्यावर होते. या भागातल्या शेतांना हॉथॉर्नचं आणि ब्लॅकथॉर्नचं कुंपण असतं. ते यंत्राने छाटलं की सुईसारखे काटे वाटेवर पसरतात. छाटणी प्रामुख्याने शरद ऋतूत होते, म्हणून ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी पंक्चरचं सामान दुप्पट न्यावं. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तर उपटून टाकण्याची घाई करू नये. आधी चाक फिरवून भोक खाली आणायचं, मग काटा काढायचा, म्हणजे सीलंट थेट भोकावर येतं. ट्यूब असेल तर ट्यूब बदलल्यावर टायर आतून बोटाने चाचपावा. अर्धा काटा टायरमध्ये राहिलेला असतो आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत खाली बसते.

दुसरा शत्रू चुनखडी. पृष्ठभाग कुठे डांबर, कुठे दाबलेली पांढुरकी खडी. कोरडी असताना तिच्यावरून चाक मखमलीसारखं जातं, पण तिची भुकटी तेल लावलेल्या चेनवर बसली की वाळूचा कागद तयार होतो. म्हणून तेलाऐवजी मेणाचं वंगण बरं. पाऊस आला की तीच भुकटी लापशी होते, मडगार्डच्या आत थापली जाते आणि रात्रभरात सिमेंटसारखी धरते. मुक्कामाला पोचल्याबरोबर बाटलीभर पाणी ओतून धुवावी. जोराच्या फवाऱ्याने नको, हबच्या बेअरिंगमध्ये पाणी जातं. डिस्क ब्रेकचे पॅड अशा दोन-तीन ओल्या दिवसांत महिन्याभराएवढे झिजतात, तेव्हा एक जोडी पिशवीत हवीच. खडखडाटाने बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. रोज सकाळी एकदा चावी फिरवायला दोन मिनिटं लागतात.

वाटेवर मोटारी नाहीत. फ्रान्समध्ये ‘व्ह्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, हा 2004 पासून वाहतूक-नियमांतला रीतसर प्रकार आहे: पादचारी, सायकल, घोडेस्वार, बाकी कोणी नाही. तरी दसीझ ते ओसेर हा सगळा मार्ग तसा नाही. अधूनमधून तो शेजारच्या लहान गावरस्त्यावर उतरतो, तिथे ट्रॅक्टर भेटतो आणि वाटही देतो. खरा धोका मोटारींपेक्षा मासेमाऱ्यांचा. इथे दहा-बारा मीटर लांबीच्या काठ्यांनी मासे धरतात आणि काठी मागे ओढताना ती पूर्ण वाटेवर आडवी येते. पन्नास मीटरवरून घंटी, मग ‘बाँझूर’, मग वेग कमी. काठी उचलली जाते. घंटी वाजवल्याशिवाय येणाऱ्यासाठी ती उचलली जात नाही, आणि यात चूक त्यांची नाही. तशाच बोटी बांधलेल्या खुंट्या आणि दोर. गवत वाढलेलं असेल तर खुंटी शेवटच्या क्षणी दिसते.

पाणी दोन बाटल्या. संपलं तर गावाच्या दफनभूमीत जावं. फुलांना घालायला तिथे नळ असतो आणि फ्रेंच सायकलस्वार पिढ्यान् पिढ्या तिथेच बाटल्या भरत आले आहेत. नळावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर मात्र पिऊ नये. खाण्याचं गणित कठीण आहे. खेड्यातलं दुकान बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही. दुपारच्या सुट्टीत लॉकवालाही जेवायला जातो, बोटी थांबून राहतात. शाकाहाऱ्याने बेकरीत क्विशचा तुकडा घेताना आत ‘लार्दों’ आहे का हे नाव घेऊन विचारावं. ते डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि दिसायला भाजलेल्या कांद्यासारखे. पाव, चीज, टोमॅटो सकाळीच पिशवीत टाकणं उत्तम. जूनमध्ये यॉनच्या खोऱ्यात चेरी मिळतात, तेव्हा पिशवीत जागा ठेवावी.

माथा गाठला की बायेचा तलाव. कालव्याला पाणी कमी पडू नये म्हणून यॉन नदीतून इथवर एक पाट आणलेला आहे, रिगोल म्हणतात त्याला. सुमारे 28 किलोमीटर डोंगराच्या अंगाने वळणं घेत तो येतो आणि मोंत्रेयों गावापाशी 33 मीटर उंचीच्या कमानींवरून खोरं ओलांडतो. त्याचा उतार डोळ्याला कळतही नाही. तलावापुढे कालवा कोलांसेलच्या तीन बोगद्यांत शिरतो. सर्वांत लांब बोगदा साडेसातशे मीटरहून अधिक आहे. सायकलची वाट डोंगरावरून जाते, आणि बोगद्यांच्या मधल्या खोल खोदाईत वाकून पाहिलं तर खाली काळं पाणी, भिंतींवर नेचे आणि भर उन्हाळ्यातही गारवा. त्यानंतर सार्दीचा उतार. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सोळा लॉक. वर चढताना ज्यांना घाम फुटतो ते बोटवाले असतात. सायकलवाल्याला सोळा उंचवटे, सोळा वेळा ब्रेक, आणि लॉकवाल्यांची घरं, गुलाबांनी लगडलेली.

दिशेबद्दल मत विचाराल तर दसीझहून ओसेर. बहुतेक वर्णनं उलटी आहेत, कारण पॅरिसहून ओसेर सोपं. पण वारा जास्त करून पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, आणि सपाट वाटेवर चढापेक्षा वाराच जड. दिवसाला पन्नास किलोमीटर धरले तर साडेतीन दिवस. मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात कालव्याचे तुकडे रिकामे करून दुरुस्ती करतात. त्या काळाला ‘शोमाज’ म्हणतात आणि बेरोजगारीलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे.

हा कालवा 1784 मध्ये खोदायला घेतला तो बोटींच्या सहलींसाठी नव्हे, पॅरिसच्या सरपणासाठी. मॉर्व्हाँच्या जंगलातली 1.14 मीटर लांबीची ओंडकी मालकाचा छाप मारून ओढ्यांत सोडत, क्लामसी गावापाशी ती अडवून, छाप पाहून निवडत आणि सत्तर-पंचाहत्तर मीटर लांबीचे तराफे बांधून यॉनमधून पॅरिसला पाठवत. सोळाव्या शतकापासून चाललेला हा उद्योग. क्लामसीच्या पुढे बासव्हीलपाशी कालवा यॉनला पातळीतच छेदून जातो, मग सोस्वाचे चुनखडीचे सरळसोट कडे, गिर्यारोहकांचे दोर, आणि नदी व कालवा एकमेकांत मिसळत-सुटत ओसेरपर्यंत. व्हेझलेची टेकडी इथून वीसेक किलोमीटरवर आहे. 1146 मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक जिथे दिली गेली ते गाव पाहायचं असेल तर गाड्यांच्या रस्त्यावर यावं लागेल आणि चढासाठी कॅसेटवरचं, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांतलं, सर्वांत मोठं चक्र लागेल.

तराफेवाले पॅरिसला लाकूड उतरवून पायी परत येत. ओसेरहून पॅरिस-बेर्सी स्टेशनला रेल्वेगाडी दोन तासांच्या आत-बाहेर पोचते. डब्यात सायकल पुढच्या चाकाने उंच आकड्याला लटकवायची असते, म्हणून पॅनिअर (कॅरिअरच्या पिशव्या) फलाटावरच काढून ठेवावेत आणि आधी सायकल आत घ्यावी.