पावसात गेलेला आवाज हेडफोनच्या जॅकमधे सापडला

गेल्या आठवड्यात फोंड्याच्या घरातल्या डेस्कटॉपचा आवाज गेला. बाबा रोज संध्याकाळी त्याच्यावर जुन्या रेकॉर्डिंग ऐकतात, त्यात केसरबाई केरकर पहिल्या, आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या ना त्या, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ज्यांचा आवाज अंतराळात गेला. बाबांनी आतून हाक मारली, "आवाज येना रे." जाऊन बघतो तर गाणं चालू, सेकंद पुढे सरकतायत, स्पीकरचा दिवा पेटलेला, आणि आवाज शून्य.

मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ आहे, म्हणजे आवाजाचं सगळं पाईपवायर नावाचा प्रोग्राम बघतो. पाईपवायर आणि त्याचा जोडीदार वायरप्लंबर रिस्टार्ट केले, मग मशीनच रिस्टार्ट केलं, काही फरक नाही. बऱ्याचदा आउटपुट गुपचूप एचडीएमआयवर, म्हणजे मॉनिटरच्या वायरवर गेलेलं असतं, मॉनिटरला स्पीकर नसला तरी, पण तेही बरोबर होतं. अल्सामिक्सरमधे (टर्मिनलमधे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडलं, कुठल्याच पट्टीखाली एमएम नव्हतं (एमएम म्हणजे म्यूट, एम दाबला की निघतं).

मग पाव्हूकंट्रोल हा आवाज कुठून कुठे जातोय ते दाखवणारा प्रोग्राम टाकून उघडला. गाणं लावल्यावर आउटपुट डिव्हायसेसमधली पट्टी मस्त हलत होती. ही पट्टी आधी बघा, खरंच सांगतो, माझे दोन तास वाचले असते. ती हलते म्हणजे गाणं सॉफ्टवेअरमधून पुढे कार्डाकडे नीट चाललंय, गडबड त्याच्या पुढे आहे, पोर्ट, जॅक, वायर नाहीतर स्पीकर. आणि तिथे डमी आउटपुट एवढंच दिसलं तर कार्डच ओळखलेलं नाही, तो वेगळा विषय. माझ्याकडे पोर्टसमोर लिहिलेलं, हेडफोन्स, प्लग्ड इन. हेडफोन तर कोणी लावलेच नव्हते!

टॉर्च मारून कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधे बघितलं तर आतली पत्ती हिरवट पडलेली. त्या जॅकमधे एक बारीक स्विच असतो, पिन आत गेली की तो कार्डाला कळवतो आणि कार्ड मागचे स्पीकर बंद करतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी दमट असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे या पत्तीचं काय होणार, गंज धरला आणि स्विच अडकला, मशीनला वाटतंय हेडफोन लावलेलेच आहेत.

पोर्ट हाताने लाईन आउट, म्हणजे मागच्या स्पीकरचा केला, अल्सामिक्सरमधे अगदी उजवीकडे जाऊन ऑटो-म्यूट मोड डिसेबल्ड केला आणि आवाज आला. पण दुसऱ्या दिवशी पोर्ट परत हेडफोन्सवर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुने हेडफोन दहा-बारा वेळा आतबाहेर केले, संध्याकाळपर्यंत टिकलं आणि पुन्हा तेच. शेवटी मशीन बंद करून, प्लग काढून, पुढच्या पॅनेलची ऑडिओची केबलच मदरबोर्डवरून उपसली. चालू केल्यावर हेडफोन्ससमोर अनप्लग्ड दिसलं, आणि स्पीकर-टेस्ट ही स्पीकर तपासायची कमांड लावल्यावर आधी डावीकडून मग उजवीकडून टेस्टमधल्या बाईचा आवाज, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता पाच दिवस झाले, बाबांची केसरबाई रोज चालू आहे. पुढचा जॅक मेलेलाच ठेवलाय, चवथीला भाचा येईल त्याचे हेडफोन मागे लावायला एक एक्स्टेंशन वायर आणून ठेवलीय.